गोव्याच्या बीच रिसॉर्टवर लहान मुलांना घेऊन जाताना: आधी अंतरं मोजा

जाहिरातीतल्या फोटोत समुद्र खोलीच्या खिडकीला लागून दिसतो. प्रत्यक्षात गोव्यातल्या मोठ्या रिसॉर्टमध्ये खोलीचं दार ओढून घेतल्यापासून पाण्याला पाय लागेपर्यंत तीन-चारशे मीटर सहज चालावं लागतं. याला कारण आहे. किनारी नियमन क्षेत्राच्या म्हणजे सीआरझेडच्या १९९१ सालच्या अधिसूचनेपासून गावाकडच्या किनाऱ्यांवर भरतीरेषेपासून २०० मीटरच्या पट्ट्यात नवं बांधकाम करता येत नाही. त्यामुळे इमारती मागे असतात, मध्ये हिरवळ, मग वाळूच्या टेकड्या आणि त्यांवर पसरलेली मर्यादवेल, आणि मग किनारा. दोन मोठी माणसं हे अंतर गप्पा मारत कापतात. तीन वर्षांचं झोपाळलेलं मूल कडेवर, खांद्याला ओली पिशवी आणि पायाखाली दुपारची तापलेली वाळू असेल, तर तेच अंतर सुट्टीचा रंग बदलून टाकतं.

म्हणून एक ते सात वर्षांची मुलं बरोबर असतील, तर रिसॉर्ट तारांकनावरून किंवा फोटोंवरून निवडू नका. चार अंतरं पाहा: स्टेशन किंवा विमानतळापासून रिसॉर्ट, खोलीपासून पूल आणि जेवणाची जागा, खोलीपासून समुद्र, आणि पाण्यात असताना तुमच्या हातापासून मूल. शेवटचं अंतर सगळ्यात महत्त्वाचं. पहिली तीन नीट जमली, तर चौथ्यासाठी तुमच्या अंगात ताकद शिल्लक राहते.

कुठला किनारा

शंभर-दोनशे खोल्यांची मोठी रिसॉर्टं मुख्यतः दक्षिणेत सासष्टी तालुक्यात आहेत. उतोर्डा, माजोर्डा, बेताळभाटी, कोलवा, बाणावली, वार्का, केळशी आणि टोकाला मोबोर अशी ही सलग किनारपट्टी आहे. पाट्यांवर आणि बुकिंगच्या ॲपवर केळशीचं नाव कॅव्हेलोसिम असं दिसेल. वाळू बारीक, किनारा रुंद आणि कोलवा सोडलं तर गर्दी बेताची. पहिल्यांदा जाणाऱ्यांना आमचा सल्ला बाणावली ते केळशी या पट्ट्याचा आहे.

उत्तरेत कांदोळी, कळंगुट, बागा इथे खाण्याच्या जागा आणि दुकानं हाताशी आहेत, पण पाण्यात जेट स्की आणि पॅरासेलिंगच्या बोटी, वाळूवर गर्दी आणि रात्री उशिरापर्यंत गाणी. दोन-तीन वर्षांच्या मुलाची दुपारची झोप तुम्हाला प्यारी असेल, तर हा भाग टाळा. मोरजी, आश्वे, मांद्रे शांत आहेत, मात्र तिथे लहान हॉटेलं जास्त. काणकोणातलं पाळोळे अर्धगोल खाडीसारखं आहे आणि तिथे लाटा सौम्य असतात, पण मडगावपासून आणखी तासभर लांब.

एक गोष्ट कुठेही पक्की धरा: नदीच्या मुखाजवळ मुलांना पाण्यात उतरवायचं नाही. मोबोरच्या टोकाला साळ नदी, मोरजीच्या दक्षिणेला शापोरा, केरीला तेरेखोल, बागेला तिथली खाडी. भरती-ओहोटीच्या वेळी तिथलं पाणी आडवं ओढतं आणि तळ दर मोसमात बदलतो. वरून ते संथ दिसतं, म्हणूनच माणसं फसतात.

‘प्रायव्हेट बीच’ या शब्दाला भुलू नका. गोव्यातले किनारे सार्वजनिक आहेत. रिसॉर्टच्या मालकीच्या असतात त्या खुर्च्या, छत्र्या आणि किनाऱ्यावर उतरायची वाट.

कधी जावं

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत हवा सगळ्यात चांगली असते. त्यातले २० डिसेंबर ते २ जानेवारी हे दिवस सोडा. भाडं दुप्पट-तिप्पट होतंच, शिवाय २४ आणि ३१ डिसेंबरला अनेक ठिकाणी ‘गाला डिनर’ची वेगळी रक्कम सक्तीची असते आणि ती मुलांनाही लागते. रात्री साडेनवाला झोपणाऱ्या मुलासाठी तो पैसा वाया.

ऑक्टोबरात भाडं कमी असतं, पण पावसाळ्यानंतरच्या या दिवसांत किनाऱ्याजवळ जेलीफिश येण्याची शक्यता जास्त. एप्रिल-मेमध्ये सकाळी दहानंतर बाहेर काढण्यासारखी परिस्थिती नसते.

जून ते सप्टेंबर समुद्र बंद समजायचा. किनाऱ्यावर लाल बावटे असतात आणि ते मानायचेच. पण मूल दोन-अडीच वर्षांचं असेल आणि त्याला पूल, पाऊस आणि बुफे एवढंच हवं असेल, तर पावसाळ्यातली स्वस्त खोली हा अजिबात वाईट सौदा नाही. जून-जुलैमध्ये यांत्रिक बोटींना ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते. तेव्हा ताज्या मासळीची आस ठेवून जाऊ नका.

पोचायचं कसं

मुंबई-ठाण्याहून लहान मुलांसोबत दक्षिण गोव्याला जाण्यासाठी रेल्वे सगळ्यात सोयीची. मडगाव स्टेशनपासून कोलवा-बाणावली आठ-दहा किलोमीटर, केळशी साधारण अठरा. वंदे भारत, तेजस, जनशताब्दी या दिवसाच्या गाड्या आहेत, मांडवी आणि कोकणकन्याही आहेत. खुर्च्यांच्या गाडीत पाच वर्षांखालचं मूल तिकिटाविना जातं, पण त्याला जागा मिळत नाही. सुमारे आठ तास मांडीवर घेणं शक्य नसेल तर पूर्ण तिकीट काढून खुर्ची घ्या. पाच ते बारा वयाच्या मुलाला अर्ध्या तिकिटात बर्थशिवाय नेण्याची सोय खुर्चीच्या डब्यात नाही, तिथे पूर्ण तिकीटच लागतं. पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वेच्या गाड्या हळू धावतात आणि वेळा बदलतात. त्या महिन्यांत जुन्या वेळेवर टॅक्सी सांगून ठेवू नका.

विमानाने जाणार असाल तर तिकीट काढण्याआधी विमानतळाचं नाव दोनदा वाचा. दाबोळी दक्षिणेला जवळ, सासष्टीतली रिसॉर्टं तिथून वीस ते चाळीस किलोमीटरवर. मोपाचा मनोहर विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला. तो पेडणे तालुक्यात, पार उत्तर टोकाला आहे. तिथून केळशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास, म्हणजे दोन तास. तिकिटात वाचवलेले पैसे टॅक्सीत जातात आणि मूल रस्त्यात कंटाळतं ते वेगळंच. उत्तरेत राहणार असाल तर हिशोब उलटा.

ओला-उबर गोव्यात नाहीत. गोवा माइल्स ॲप, विमानतळावरचा प्रीपेड काउंटर किंवा रिसॉर्टने पाठवलेली गाडी, हे पर्याय. रिसॉर्टची गाडी महाग पडते, पण रात्री दहाला दोन झोपलेली मुलं घेऊन उतरणार असाल तर ती घ्याच. भाड्याची गाडी स्वतः चालवणार असाल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या. खासगी पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने घेणं बेकायदा आहे आणि पोलीस अडवतात. कार सीट मिळेल असं गृहीत धरू नका, स्वतःची न्या.

पुणे-कोल्हापूरकडून गाडीने येणाऱ्यांना आंबोली किंवा चोर्ला घाट उतरावा लागतो. मुलाला गाडी लागत असेल तर घाटाच्या तासभर आधी थांबून कोरडं काहीतरी खायला द्या. दूध आणि तळलेलं नको. घाटात मोबाइल हातात द्यायचा नाही. डोळे पडद्यावर आणि शरीर वळणात, यानेच मळमळ वाढते. खिडकी थोडी उघडी ठेवा आणि मुलाला समोरचा रस्ता दिसू द्या.

बुकिंगआधीचा फोन

ॲपवर खोली बघा, पण पैसे भरण्याआधी रिसॉर्टला थेट फोन करा. दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान करा, सकाळी रिसेप्शनला चेक-आउटची घाई असते. विचारायचं ते असं:

१. मुलांचं वय आणि पैसे. बऱ्याच ठिकाणी पाच किंवा सहा वर्षांपर्यंत वेगळा पलंग न घेतल्यास राहणं फुकट असतं, पण जेवण फुकट असेलच असं नाही. दोन मुलं असतील तर सवलत एकालाच की दोघांना, हे स्पष्ट विचारा.

२. जेवणाचा प्लॅन. ईपी म्हणजे नुसती खोली, सीपी म्हणजे नाश्ता, एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, एपी म्हणजे तिन्ही. मुलं लहान असतील तर एमएपी घ्या आणि ते एक जेवण दुपारचं घेता येईल का ते विचारा. रात्रीचा बुफे साडेसात-आठला सुरू होतो, तोवर मूल उपाशी राहत नाही किंवा जागं राहत नाही.

३. खोली कुठल्या ब्लॉकमध्ये, आणि तिथून पूल व मुख्य रेस्टॉरंट किती मीटर. ‘जवळच आहे’ हे उत्तर चालवून घेऊ नका. चालत किती मिनिटं, असं विचारा. बग्गी किती वाजेपर्यंत चालते हेही.

४. तळमजला की वर. दाराबाहेर हिरवळ हवी म्हणून तळमजला मागितला जातो, पण त्याच हिरवळीपलीकडे पूल असतो. चालतं-पळतं मूल असेल आणि सरकत्या काचेच्या दाराला वरच्या बाजूला कडी नसेल, तर पहिला मजला घ्या. मग गॅलरीच्या कठड्याच्या गजांतलं अंतर आणि गॅलरीतली खुर्ची यांच्याकडे बघा. खुर्चीवर चढून मूल कठड्यावर येतं. खुर्ची आत घ्या.

५. बेबी कॉट आहे का, की नुसता ‘एक्स्ट्रा बेड’ म्हणजे जमिनीवरची गादी. दोन वर्षांखालच्या मुलाला कॉट बरा, आणि तो आदल्या दिवशी पुन्हा आठवण करून ठेवून घ्यावा लागतो. मोठ्या रिसॉर्टमध्येही कॉट मोजकेच असतात.

६. दोन कुटुंबं जात असाल तर ‘कनेक्टिंग’ खोल्या मागा, म्हणजे आतून दार असलेल्या. ‘ॲडजॉइनिंग’ म्हणजे फक्त शेजारी.

७. बेबी पूल चालू आहे का आणि त्याची खोली किती. दुरुस्तीला काढलेला पूल ॲपवर दिसत नाही.

ठरलेलं सगळं ईमेलवर लिहून मागवा. हिशोबात जीएसटी धरा. खोलीचं रोजचं भाडं ७,५०० रुपयांच्या वर गेलं की १८ टक्के लागतो.

सामान

कपड्यांपेक्षा पाण्याच्या गोष्टी आठवणीने न्या. प्रत्येक मुलाला नायलॉन किंवा लायक्राचे दोन पोहण्याचे पोशाख, लांब बाह्यांचे. सुती कपड्यात पूलमध्ये उतरू देत नाहीत. रंग भडक नारिंगी, गुलाबी किंवा पोपटी घ्या. निळा, पांढरा, राखाडी पोशाख पाण्याखाली दिसेनासा होतो, आणि हा फरक खरोखर जीव वाचवणारा आहे. डायपर घालणाऱ्या मुलासाठी पोहण्याचे डायपर लागतात. नेहमीचा डायपर पाणी शोषून दगडासारखा जड होतो आणि फुटून जेल पूलभर पसरतं.

दंडात घालायच्या हवेच्या पट्ट्या आणि फुगवायच्या रिंगा ही खेळणी आहेत. पट्टी हातातून निसटते, रिंगेतून मूल खाली सरकतं किंवा उलटं होतं. खरी मदत हवी असेल तर मुलाच्या वजनाचं, दोन पायांमधून पट्टा जाणारं लाइफ जॅकेट विकत घेऊन न्या. पट्टा नसलेलं जॅकेट पाण्यात कानाशी येतं आणि मूल खाली राहतं.

याशिवाय: टाचेला पट्टा असलेले सँडल, रुंद कडेची टोपी, एसपीएफ ३० किंवा त्याहून वरचं सनस्क्रीन, बादली-फावडं, दोन मोठे पंचे, ओल्या कपड्यांची पिशवी, मलमलची दोन धोतरं किंवा जुन्या साड्या (सावलीला, अंथरायला, पुसायला, सगळ्याला), दोरी आणि चिमटे. मेतकूट, नाचणी सत्त्व आणि छोटी डबी तूप. यांचं काय करायचं ते पुढे येईल.

खोलीत पहिला अर्धा तास

चेक-इन दुपारी दोन किंवा तीनला असतं. सकाळी पोचणार असाल तर पोहण्याचे कपडे, टॉवेल, औषधं आणि एक जोड कपडे वेगळ्या छोट्या बॅगेत वर ठेवा. सामान रिसेप्शनला देऊन मुलं पूलवर जाऊ शकतात.

खोली मिळाली की मुलांना एकाने बाहेर ठेवावं आणि दुसऱ्याने खोलीभर मुलाच्या उंचीवरून नजर फिरवावी. सरकत्या दाराची कडी, फ्रिजमधल्या छोट्या बाटल्या, किटलीची लोंबती वायर, टेबलाची काचेची कड, बाथरूमचा गुळगुळीत दगड. गरम पाण्याचा नळ उघडून बघा. सौर गीझरचं पाणी दुपारी भाजण्याइतकं तापलेलं असतं. बादलीत आधी थंड, मग गरम. बाथटब असेल तर वापरानंतर लगेच रिकामा करायचा, भरलेला टब आणि उघडं दार ही जोडी नको. हाउसकीपिंगला सांगून जादा पायपुसणी, एक बादली आणि पाण्याचा मग मागून घ्या, तासाभरात येतात.

मग सगळ्यांनी मिळून एकदा खोली, जेवणाची जागा, पूल, किनाऱ्याची वाट असा फेरफटका मारा. चार वर्षांवरच्या मुलाला दोन खुणा पाठ करून द्या: आपल्या ब्लॉकचा रंग किंवा नाव, आणि हरवलं तर गणवेशातल्या माणसाकडे जायचं.

पूल

बुडणारं मूल ओरडत नाही आणि हातही मारत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला येतं, डोकं मागे जातं आणि वीस-तीस सेकंदांत ते खाली असतं. आजूबाजूला पन्नास माणसं असतात आणि त्यामुळेच कोणी बघत नसतं. यावर एकच उपाय आहे: चार वर्षांखालच्या मुलापासून हाताच्या अंतरावर पाण्यात उभं राहायचं, काठावर खुर्चीत नव्हे. आणि ‘मी बघतोय’ असं तोंडाने म्हणून पाळी घ्यायची. पंधरा मिनिटं एकाची, मग दुसऱ्याची. पाळी असलेल्याच्या हातात मोबाइल नको, पेयही नको. आजी-आजोबा काठावर असतील तर छान, पण त्यांच्या भरवशावर पाण्यातलं मूल सोडायचं नाही.

पूलवरचा जीवरक्षक ठरावीक वेळेत असतो. वेळ पाटीवर लिहिलेली असते, ती वाचा. जाळीच्या तोंडाजवळ, जिथून पाणी आत ओढलं जातं, तिथे मुलांना बसू देऊ नका आणि लांब केस बांधा.

बेबी पूलचं पाणी उथळ म्हणून लवकर तापतं आणि लवकर घाण होतं. सकाळी आठ-साडेआठला ते सगळ्यात स्वच्छ असतं. डोळे लाल झाले, खोकला लागला किंवा क्लोरीनचा उग्र वास आला तर बाहेर काढा. बाहेर पडल्यावर अंघोळ, कान बाहेरून कोरडे, आणि कापसाच्या काड्या बॅगेत तशाच राहू द्या.

समुद्र

लहान मुलासाठी समुद्राची वेळ सकाळी आठ ते दहा. हिवाळा-उन्हाळ्यात सकाळी वारा जमिनीकडून असतो किंवा पडलेला असतो, पाणी शांत. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो आणि लाटा उठतात. जीवरक्षक सकाळी साडेसातपासून असतात. गोव्याच्या किनाऱ्यांवर ही सेवा दृष्टी मरीन या संस्थेकडे आहे. किनाऱ्यावर गेल्यावर पहिलं काम त्यांचा मनोरा शोधणं. अर्धे लाल, अर्धे पिवळे असे दोन झेंडे रोवलेले असतील तर फक्त त्यांच्या मधल्या पाण्यात. नुसता लाल झेंडा म्हणजे आज पाणी नाही, वाळू आहे. तुमच्या रिसॉर्टसमोर मनोरा नसेल तर चालत मनोऱ्यापर्यंत जा.

भरती-ओहोटीची वेळ रिसॉर्टच्या फलकावर असते, नसेल तर मुरगाव बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघा. रोज ती साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी जास्त वर येतं आणि परतताना जास्त जोरात ओढतं. अष्टमीच्या सुमारास भांग असतं, पाण्याची चढ-उतार कमी. तारखा तुमच्या हातात असतील तर कॅलेंडरवर अष्टमी बघून सहल ठरवा. लहान मुलांसाठी ते दिवस खरंच सौम्य असतात.

पाण्याची ओढ ओळखायला शिका. दोन्ही बाजूंना लाटा फुटताहेत आणि मध्ये एक पट्टा गडद, गुळगुळीत, लाट न फुटणारा दिसतोय, तर तीच ओढीची वाट. नवखे पालक नेमके तिथेच मुलाला नेतात, कारण तिथे लाटा नसतात. मोठं माणूस ओढीत सापडलं तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नये, किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर पडावं, आणि हात वर करून जीवरक्षकाला खूण करावी.

तीन वर्षांखालच्या मुलाला घोट्यापर्यंत, त्यापुढच्याला गुडघ्यापर्यंत पाणी पुरे. मोजमाप मुलाच्या पायाचं, आणि लाट आल्यावरचं. त्याच्या आणि समुद्राच्या मध्ये तुम्ही, समुद्राकडे तोंड करून.

वाळूतला खड्डा मुलाच्या गुडघ्यापेक्षा खोल नको. ओल्या वाळूच्या भिंती अचानक ढासळतात आणि आत बसलेलं मूल दबतं. निघताना खड्डा बुजवा. मोरजी, मांद्रे, अगोंद, गालजीबाग इथे हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. रात्री तिथे टॉर्च घेऊन मुलांना फिरवू नका.

पायात सँडल राहू द्या. किनाऱ्यावर काचेच्या बाटल्यांना आणि दारू पिण्याला दंड आहे, तरी काचा सापडतात.

जेलीफिश चावली तर:

१. मुलाला पाण्याबाहेर काढा आणि त्याचे हात धरा, चोळू देऊ नका.
२. गोडं पाणी, वाळू, टॉवेल काहीही लावू नका. गोड्या पाण्याने त्वचेवर चिकटलेले डंख आणखी फुटतात.
३. समुद्राचंच पाणी ओता आणि धागे चिमट्याने किंवा कार्डाच्या कडेने उचला.
४. जीवरक्षकाकडे न्या. प्रथमोपचाराची पेटी त्यांच्याकडे असते आणि कुठल्या जातीची जेलीफिश आली आहे ते त्यांना ठाऊक असतं.
५. श्वास घ्यायला त्रास, ओठ सुजणं, उलट्या, गुंगी यांपैकी काही दिसलं तर थांबू नका, १०८.

ऊन हा वेगळा विषय. सनस्क्रीन बाहेर पडण्याआधी वीस मिनिटं, कोरड्या त्वचेवर, आणि दर दोन तासांनी किंवा पाण्यातून आल्यावर पुन्हा. कानांच्या पाळ्या, मानेची मागची बाजू आणि पावलांचा वरचा भाग हमखास विसरतो. सहा महिन्यांखालच्या बाळाला सनस्क्रीन नाही, फक्त सावली. दहा ते चार खोली, झोप, किड्स क्लब. या वेळेत सगळ्यांनीच झोप काढली, तर संध्याकाळी साडेचार ते सूर्यास्त हा दिवसाचा सगळ्यात सुंदर भाग मुलांना किरकिर न करता मिळतो. डिसेंबरात सहाला सूर्य बुडतो. त्यानंतर पाण्यात नाही, आणि तिन्हीसांजेला वाळूतल्या माश्या व डास चावतात, तेव्हा लांब पॅन्ट घालून हिरवळीवर या.

मूल दिसेनासं झालं तर

दोघांनी एकत्र शोधू नका. एकाने सरळ पाण्याकडे: आधी पूल, मग समुद्र. दुसऱ्याने रिसेप्शनला फोन करून फाटक अडवायला सांगायचं. खोली, खेळघर, बुफे हे सगळं नंतर. रोज सकाळी त्या दिवशीच्या कपड्यांतला मुलाचा एक फोटो काढून ठेवा, सुरक्षारक्षकांना दाखवायला तोच उपयोगी पडतो. मनगटावर पट्टी बांधा किंवा दंडावर बॉलपेनने तुमचा फोन नंबर लिहा. किनाऱ्यावर हरवलेली मुलं बहुतेक वेळा किनाऱ्याच्या कडेकडेने चालत राहतात. बाहेर शोधायची वेळ आलीच तर ११२.

खाणंपिणं

बुफेत सुरक्षित ते, जे तुमच्यासमोर गरम तव्यावरून ताटात येतं: डोसा, पोळा, अंडं, फुलका. कापून ठेवलेली फळं, मेयोनीज घातलेली सॅलड, उघड्यावरच्या चटण्या आणि बर्फ लहान मुलांना नको. केळं आणि संत्रं स्वतः सोला. शहाळं समोर फोडून घ्या.

रात्रीसाठी दुपारीच रेस्टॉरंटच्या कॅप्टनला सांगून ठेवा की साडेसहाला मऊ भात किंवा पेज हवी. पेज प्रत्येक गोंयकार स्वयंपाक्याला येते, उकड्या तांदळाची, मिठाची, पोटाला हलकी. मऊ भात आला की त्यावर तुमचं तूप-मेतकूट. बाहेर कितीही बदललं तरी ही एक चव ओळखीची राहते आणि मूल पोटभर जेवतं. सकाळी किटलीतल्या पाण्यात नाचणी सत्त्व होतं. किटलीत दूध तापवू नका, तळाला करपतं आणि वास जात नाही. दूध स्वयंपाकघरातून मागवा.

मासे द्यायचे तर इसवण (सुरमई) किंवा चणक (जिताडा). मोठा मधला काटा, बाजूचे काटे कमी. बांगडा आणि तारले मोठ्यांनी खावेत. कोळंबी किंवा खेकडा आयुष्यात पहिल्यांदा द्यायचा असेल तर तो सुट्टीत नको, घरी द्या. अख्खे काजू पाच वर्षांखालच्या मुलाच्या हातात नकोत, घशात अडकतात. आणि बाजारात चॉकलेट घेताना वेष्टन वाचा, दारू भरलेली चॉकलेटंही तिथेच मांडलेली असतात.

औषधं

मुलाच्या डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे डोस लिहून न्या. पॅरासिटामॉल वेगवेगळ्या ताकदींत मिळतं: थेंबांत साधारण १ मिलीत १०० मिलिग्रॅम, सिरपच्या ५ मिलीत १२० किंवा १२५, डीएस म्हणजे दुप्पट ताकदीच्या सिरपच्या ५ मिलीत २५०. एका वेळचा डोस किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे १२ किलोच्या मुलाला १२० ते १८०. थेंबांचं औषध सिरपच्या चमच्याने दिलं तर चौपट जातं. म्हणून घरच्याच ताकदीची बाटली आणि तिचंच माप बरोबर घ्या.

ओआरएस डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेलं. मोठं पाकीट एक लिटर पाण्याला, छोटं २०० मिलीला. पेल्यात अंदाजाने अर्धं पाकीट टाकू नका. खारट जास्त झालं तर जुलाब वाढतात. पाणी चोवीस तासांनी फेकायचं. गोड चवीचे तयार टेट्रापॅक ओआरएसच्या जागी नकोत.

कुत्रं चावलं किंवा ओरखडलं तर नळाखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी इंजेक्शन. घरी गेल्यावर बघू, असं रेबीजच्या बाबतीत चालत नाही.

औषधाची दुकानं दुपारी एकनंतर दोन-तीन तास बंद असतात आणि रविवारी बरीचशी दिवसभर. जे लागेल ते सकाळी आणा. दक्षिणेत जवळचं मोठं सरकारी रुग्णालय मडगावचं दक्षिण गोवा जिल्हा रुग्णालय. गंभीर काही असेल तर बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, केळशीहून तिथे तासाहून जास्त लागतो.

बाहेर पडायचं असेल तर

चार दिवसांत एकच फेरी पुरे. अनेकांचं कुलदैवत फोंडा तालुक्यात असतं: मंगेशी, म्हार्दोळची म्हाळसा, कवळ्याची शांतादुर्गा, नागेशी, रामनाथी. ही दर्शनं सकाळी आठला निघून दुपारच्या झोपेआधी होतात. गुडघे झाकणारे कपडे घाला. दूधसागरची जीप आणि त्यातले धक्के पाच वर्षांखाली नकोत. डॉल्फिनच्या बोटीत मुलाच्या मापाचं जॅकेट नसेल तर बसू नका.

निघायचा दिवस

चेक-आउट अकराला, गाडी किंवा विमान संध्याकाळी. हे मधले सहा तास आधी ठरवा. आदल्या रात्री बिल मागवून तपासा, मुलांच्या जेवणाचे आणि जादा पलंगाचे पैसे दोनदा लागलेले तिथेच सापडतात. सकाळी शेवटचं पोहणं साडेनवापर्यंत, म्हणजे कपडे निथळायला वेळ मिळतो. उशिरा खोली सोडायला मिळते का हे आदल्या दिवशी विचारा, आयत्या वेळी नाही. नसेल तर सामान रिसेप्शनला ठेवून शॉवरची खोली वापरता येते. दाबोळीहून विमान असेल तर वाटेत बोगमाळोचं नौदल विमान संग्रहालय मुलांना आवडतं. मैदानात खरी विमानं उभी आहेत, मात्र सोमवारी बंद असतं. मडगावहून गाडी असेल तर दुपारचं जेवण रिसॉर्टमध्येच करून निघा आणि रात्रीसाठी मऊ भाताचा डबा सकाळीच स्वयंपाकघराला सांगून ठेवा.